वाइल्ड मासा दाण्याला तोंड लावत नाही: नेमकं कुठे अडतंय?

"मासा आणून आठ दिवस झाले, दाण्याला तोंड लावत नाही. काय करू?" दर पंधरा-वीस दिवसांनी कोणी ना कोणी मला हे विचारतं. सोबत फोटो असतो. फोटोत मासा मागच्या कोपऱ्यात दगडाआड आणि तळाशी फुगून पांढरे पडलेले तयार खाद्याचे दाणे. मासे वेगवेगळे असतात. कधी आसामातला चन्ना, कधी उत्तर बंगालातला बॅडिस, कधी कृष्णेच्या उपनद्यांतला पट्टेरी लोच. पण बहुतेकांनी एकच सल्ला पाळलेला असतो: उपाशी ठेवा, भूक लागली की मुकाट खाईल.

फार्मवर वाढलेल्या माशाला हा सल्ला चालतो. तो पिल्लू असल्यापासून दाण्यांवर पोसलेला असतो. नव्या घरी दोन दिवस बावरतो, मग खातो. ओढ्यातून, दलदलीतून पकडलेल्या माशाने मात्र जन्मात दाणा पाहिलेला नसतो. त्याच्या लेखी अन्न म्हणजे वळवळणारं, मऊ, चावल्यावर रस सुटणारं काहीतरी. तपकिरी, गोल, निपचित पडलेली गोळी म्हणजे खडा. कितीही भूक लागली तरी आपण खडे खात नाही, तसाच तोही खात नाही. दाणा हे अन्न आहे ही ओळख त्याला पटवावी लागते आणि ती पटवायला पोट भरलेला, निर्धास्त मासा लागतो. उपाशी, भेदरलेल्या माशाला नवं काही शिकवता येत नाही.

पुढचं सगळं मी मुख्यतः चन्ना ब्लेहेरी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण तो मासा मी अनेक वर्षं पुण्यात घरी ठेवला आहे. बाजारात त्याला रेनबो स्नेकहेड म्हणतात. आपल्या मरळीच्याच कुळातला, पण फार तर वीतभर वाढणारा. अंगावर शेंदरी ठिपके, परांना नारिंगी काठ. मूळचा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. 1991 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि तेव्हापासून हौशी लोकांत त्याला सतत मागणी आहे. बाजारात येणारे बरेचसे पकडलेलेच असतात.

तो तुमच्यापर्यंत कसा येतो हे एकदा डोळ्यांपुढे आणा. डबक्यातून पकडला, व्यापाऱ्याच्या टाकीत दाटीवाटीत राहिला, मग पिशवीत. पिशवीतलं पाणी विष्ठेने खराब होऊ नये म्हणून पॅक करण्याआधी त्याला मुद्दाम एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. पुष्कळदा मध्ये कोलकात्याचा मुक्काम, मग मुंबई किंवा पुण्याच्या दुकानातली आणखी एक टाकी. म्हणजे तुमच्या घरी येतो तेव्हाच त्याचा आठवडा-दोन आठवड्यांचा उपास झालेला असतो. त्यावर तुम्ही शिस्त म्हणून आणखी उपास घडवता.

मी तेच केलं होतं. 2019 च्या नोव्हेंबरात पहिली जोडी आणली. "दाणे खातात का?" असं दुकानात विचारलं, "सगळं खातात" असं उत्तर मिळालं. बारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ दाणे टाकत राहिलो आणि संध्याकाळी नळीने काढत राहिलो. तेराव्या दिवशी दोघांतल्या धाकट्याच्या डोक्यामागे खळगा दिसायला लागला, वरून पाहिलं तर डोकं मोठं आणि अंग दोरीसारखं. मग गांडूळ दिलं, तर त्याने तेही घेतलं नाही. तो वाचला नाही. थोरला वाचला, आणि पुढचं जे काही शिकलो ते त्याच्याकडून.

दाण्यांचं नंतर. आधी तो काहीतरी खातोय का?

पहिल्या दोन दिवसांत काही देऊ नका. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, टाकीतला दिवा बंद करून, खोलीतला मंद उजेड ठेवून एक जिवंत गांडूळ टाका. लहान माशाला तुकडा. घेतलं तर अर्धी काळजी मिटली, थेट पुढच्या भागाकडे जा. नाही घेतलं तर दाण्यांचा विचार डोक्यातून काढून टाका. ही अडचण वेगळी आहे.

गांडूळ कुठलं, हेही बघा. आपल्याकडे गांडूळखत प्रकल्पांतून जी लालसर, पट्टेदार गांडुळं सहज मिळतात ती बहुतेक आयसेनिया फेटिडा जातीची असतात. डिवचलं की त्यांच्या अंगातून पिवळसर, उग्र वासाचा द्रव सुटतो आणि बरेच मासे ती घेतल्या घेतल्या थुंकतात. चांगला खाणारा मासासुद्धा त्यांना नाकारतो आणि मालक समजतो की मासा आजारी आहे. बागेतल्या ओल्या मातीतली साधी, मातकट रंगाची गांडुळं घ्या, तीसुद्धा जिथे कीटकनाशक मारलेलं नाही तिथली. एक दिवस ओल्या कोकोपीटमध्ये ठेवा, पोटातली माती निघून जाते. मग धुऊन द्या.

साध्या गांडुळालाही तोंड लावत नसेल तर कारण बहुधा पुढच्या चारांपैकी एक असतं.

भीती हे सगळ्यांत जास्त वेळा सापडणारं कारण, आणि त्याचा इलाज फुकट आहे. हे मासे गवताच्या, मुळांच्या, कुजलेल्या पानांच्या दाट आडोशात वाढलेले असतात. त्यांना आपण पांढऱ्या वाळूच्या, चारी बाजूंनी काच असलेल्या, वरून लख्ख एलईडी लावलेल्या टाकीत सोडतो. तीन बाजूंना काळा कागद लावा. वर पाणवनस्पती तरंगू द्या. आणि देशी बदामाची वाळलेली पानं टाका. सोसायटीच्या आवारात हे झाड असतंच, लाल होऊन आपोआप गळलेली पानं वेचायची, धुवायची, 40 लिटरला दोन-तीन पुरे. पाणी चहासारखं होतं, उजेड मंदावतो, आणि दोन दिवसांत मासा पुढे यायला लागतो. आडोसा दिला की मासा दिसणार नाही असं वाटतं, पण होतं उलट. लपायला जागा आहे याची खात्री पटली की तो बाहेर फिरतो.

थंडी हे कारण पुण्या-नाशिकच्या लोकांच्या लक्षात येत नाही. डिसेंबर-जानेवारीत माझ्या खिडकीजवळच्या टाकीतलं पाणी पहाटे 19 अंशांपर्यंत उतरतं. ईशान्येकडच्या चन्नांना हिवाळा नवा नाही, उलट वर्षातून काही आठवडे थंड पाणी त्यांना मानवतं. पण त्या काळात ते फार कमी खातात. नोव्हेंबरात आणलेला मासा डिसेंबरात खात नसेल तर तो कदाचित त्याचा नेहमीचा हिवाळा पाळत असेल. मात्र नुकताच आलेला, अंगावर काही नसलेला मासा असा हिवाळा काढू शकत नाही. त्याच्यासाठी पहिल्या वर्षी हिटर लावून 24 अंश ठेवा. थंडी पुढच्या वर्षी, अंग भरल्यावर.

पाण्याचं म्हणाल तर नवीन टाकी, नवीन फिल्टर आणि त्यात न खाल्लेले दाणे कुजताहेत, म्हणजे अमोनिया चढणारच. अमोनियाने मासा पहिली गोष्ट सोडतो ती खाणं. टेस्ट किट घ्या. चन्ना हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यातही तो मरत नाही. म्हणूनच "पाणी ठीकच असणार, मासा जिवंत आहे" हा समज इथे घातक आहे. नळाचं पाणी घालताना क्लोरीन काढायला विसरू नका. आणि टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात थेट सोडलं असेल तर जुळवून घ्यायला त्याला आठवडाभर द्या.

चौथं कारण पोटातले जंत. पकडून आणलेल्या माशात ते नसतील तरच नवल. शेपटीच्या बाजूला, गुदद्वारातून बारीक लाल धाग्यांसारखं काही डोकावत असेल तर ते कॅमॅलॅनस, यावर लेव्हामिसोल चालतं. पट्टकृमी आणि कल्ल्यांवरच्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल. विष्ठा पांढरी, लोंबती, दोऱ्यासारखी आणि मासा अन्न घेऊन थुंकतोय, असं असेल तर आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची शंका घ्यायची, तिथे मेट्रोनिडॅझोल वापरतात. मात्रा पशुवैद्याला विचारून, पाण्याचे लिटर मोजून ठरवा. तिन्ही औषधं एकदम ओतू नका. पांढरी विष्ठा नुसत्या उपासानेही पडते, त्यामुळे तेवढ्यावरून औषधाला धावू नका. अन्न पोटात जाऊनही अंग भरत नाही, हे जंतांचं खरं लक्षण.

खातो, पण जिवंतच

इथे खरी शिकवणी सुरू होते. घाई करायची नाही. माझ्या थोरल्याला सात आठवडे लागले, नंतर आलेल्या एकाला अकरा दिवस. दोघांनाही मी एकाच पद्धतीने शिकवलं.

आधी जागा आणि वेळ पक्की करा. रोज संध्याकाळी साधारण त्याच वेळी, टाकीच्या त्याच कोपऱ्यात, लांब चिमट्याने. मी झाकणावर चिमट्याने दोनदा टकटक करतो, मग गांडूळ पाण्यात धरतो. पहिले काही दिवस चिमटा पाहून मासा मागे सरेल. तेव्हा गांडूळ सोडून द्या आणि बाजूला व्हा. आठवड्याभरात टकटक ऐकूनच तो कोपऱ्यात येऊन थांबेल. हे झालं की अर्धं काम झालं, कारण आता चिमट्यातून येतं ते अन्न, एवढं त्याला कळलेलं असतं. पुढे चिमट्यात काय आहे ते तुम्ही हळूहळू बदलायचं.

इथे एक काळजी घ्या. चन्ना पाण्याबाहेर झेप घेतो. चिमट्याच्या मागे येताना तर नक्की घेतो. झाकण फक्त एका कोपऱ्यात उघडा आणि पाण्याची पातळी काठापासून चार-पाच बोटं खाली ठेवा. ती हवेची जागा त्याला श्वासालाही लागते.

जिवंतावरून मेलेल्यावर आणायला आपल्याकडे उत्तम वस्तू आहे: करंदी. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा तुमच्या नेहमीच्या कोळणीकडे मिळणारी बारीक कोळंबी. ताजी घ्या, मीठ किंवा टिकवायचं औषध लावलेली नको. सोला, धागा काढा, गांडुळासारख्या लांब पातळ पट्ट्या कापा. चिमट्यात टोक धरून पाण्यात थरथरवा. हात जोरात फिरवू नका, नुसतं मनगट हलवा. मासा टक लावून बघेल. छातीचे पर पंख्यासारखे हलवत तसूभर पुढे येईल, थांबेल, अंग इंग्रजी एससारखं वळवेल. ते वळण दिसलं की श्वास रोखून धरा आणि हात तसाच हलवत ठेवा. पुढच्या क्षणी पट्टी चिमट्यातून गेलेली असते, बहुतेक वेळा आपल्याला दिसतही नाही.

पहिल्या दिवशी एक पट्टी, मग बक्षीस म्हणून एक गांडूळ. चार दिवसांनी दोन पट्ट्या, एक गांडूळ. गांडूळ नेहमी शेवटी. आधी दिलं तर पोट भरतं आणि पट्टीत त्याला रस उरत नाही. आणि पट्टी नाकारली म्हणून त्या संध्याकाळी त्याला उपाशी ठेवू नका. पाच मिनिटं वाट बघा, मग निम्मं गांडूळ द्या. पोट पूर्ण भरायचं नाही, पण रिकामंही ठेवायचं नाही.

करंदीवर आला की बरेच जण थांबतात. "खातोय की, मग दाणे कशाला?" नुसत्या कोळंबीच्या मांसावर मासा वर्षानुवर्षं नीट राहत नाही, जीवनसत्त्वांची, कॅल्शियमची उणीव राहते. कच्च्या मासळीत आणि काही कोळंबीत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब 1 जीवनसत्त्व मोडतं. हेच कारण बाजारातले छोटे गोल्डफिश खायला घालण्याविरुद्धही आहे, शिवाय त्यांच्यासोबत रोगही येतात. आणि घरचं कारण वेगळंच. गणपतीत पाच दिवस गावाला गेलात तर शेजारच्या काकू दहा दाणे टाकतील, करंदी सोलत बसणार नाहीत.

दाणा लपवून द्यायचा: चायना ग्रासची वडी

करंदी आणि दाणा यांच्यामधला पूल म्हणजे ही वडी. मला दुसऱ्या कुठल्याही युक्तीने इतकं यश आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दाण्यांची मिक्सरमध्ये पूड करा. करंदी सोलून बारीक वाटा. पहिल्या वेळी तीन भाग करंदी, एक भाग पूड. 100 मिलिलिटर पाण्यात 2 ग्रॅम चायना ग्रास घालून उकळा, ते पूर्ण विरघळलं पाहिजे, तुकडे राहता कामा नयेत. मग गॅस बंद करून थांबा. चायना ग्रास साधारण 40 अंशांच्या खाली घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे भांड्याला हात लावून चटका बसणार नाही पण गरम लागेल, अशा वेळी करंदी-पूड त्यात ढवळा. उकळत्यात घातलीत तर करंदी शिजून रबरासारखी होते आणि दाण्यातली जीवनसत्त्वंही जातात. ताटलीत पातळ थापा, फ्रिजमध्ये सेट करा, मग कोळंबीसारख्याच लांब पट्ट्या कापून छोट्या पिशव्यांत फ्रीझरला टाका. महिनाभर पुरते.

पट्टी लवचिक हवी, चिमट्यात धरल्यावर लोंबली पाहिजे. मोडत असेल तर पूड जास्त झाली किंवा चायना ग्रास कमी पडलं.

या पट्ट्या करंदीसारख्याच द्यायच्या. पहिला घास मासा बहुधा थुंकतो. थुंकू द्या. खालचा जबडा दोन-तीनदा हलतो, पट्टी बाहेर येते, तो तिच्याकडे बघत राहतो आणि बऱ्याचदा पुन्हा उचलतो. हा क्षण महत्त्वाचा आहे, लगेच पट्टी काढून घेऊ नका. माशाच्या तोंडात आणि ओठांवर चव घेणाऱ्या कळ्या असतात. थुंकणं म्हणजे नकार नव्हे, तो चव तपासतोय. तिसऱ्या वेळी उचलून तो वळला आणि आडोशाला गेला की समजा गिळलं.

आठवड्याने निम्मी करंदी, निम्मी पूड. पुढच्या आठवड्यात एक भाग करंदी, तीन भाग पूड. मासा कुठे अडला तर एक पायरी मागे या. शेवटच्या मिश्रणाच्या पट्ट्या हळूहळू आखूड करत वाटाण्याएवढ्या, मग दाण्याएवढ्या करा. आता चव दाण्याची, आकार दाण्याचा. फरक उरला फक्त कडकपणाचा.

तोंडात घेतो आणि थुंकतो

तो कडकपणा बहुतेकांना आडवा येतो. दाणे देण्याआधी दहा मिनिटं भिजवा. साध्या पाण्यात नको, करंदी वितळताना सुटलेल्या पाण्यात. दाणा बोटाने दाबल्यावर दबला पाहिजे, पण पीठ होता कामा नये. लसणाचा रस लावायला बरेच जण सांगतात. मी करून बघितलं, मला फरक दिसला नाही. करंदीच्या पाण्याने दिसला.

दाण्याचा आकार माशाच्या डोळ्याहून मोठा नको. आणि पुडा कधी उघडलाय ते आठवा. मोठ्या पोत्यातून काढून साध्या पिशवीत बांधलेले सुटे दाणे मी घेत नाही. पावसाळ्यात ओल धरतात, त्यातलं तेल खवट होतं. हातावर चोळून वास घ्या. सुकटीसारखा वास यायला हवा. जुन्या तेलासारखा आला तर मासा बरोबर आहे आणि दाणे चुकीचे. वेष्टनावर घटकांत पहिलं नाव फिश मील (मासळीचं पीठ), क्रिल (समुद्रातले कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा कीटकांच्या पिठाचं असावं, गव्हाचं नव्हे. किंमत दुप्पट असते, पण असे दाणे वर्षभरात फार लागत नाहीत.

चन्ना पृष्ठभागावरून उचलतो, त्याला तरंगणारे दाणे द्या. दाणा पाण्यावर पडून हलतो, लहानशी वर्तुळं उमटतात, आणि ती हालचाल पाण्यात पडलेल्या किड्यासारखी असते. मी फिल्टरचा प्रवाह थोडा त्या कोपऱ्याकडे वळवतो, म्हणजे दाणा एका जागी थांबत नाही. थोरल्याने आयुष्यातला पहिला कोरडा दाणा असाच घेतला. मी पट्टी शोधायला फ्रीझरकडे वळलो होतो, डबीतून दोन दाणे पाण्यात सांडले होते, मागे "टप्" असा आवाज झाला. वळून बघितलं तर दोन्ही दाणे नव्हते.

लोच आणि तळाशी राहणाऱ्यांना अर्थातच बुडणारे दाणे, आणि रात्री दिवे गेल्यावर. आपल्या कृष्णा खोऱ्यातला पट्टेरी लोच, बोटिया स्ट्रिआटा, एकटा ठेवला तर महिना महिना लपून राहतो. सहा-सात एकत्र ठेवले आणि त्यातला एखादा दाणे खाणारा असला तर बाकीचे त्याचं बघून दोन-चार रात्रींत शिकतात. सगळ्याच थव्याने राहणाऱ्या माशांना हे लागू आहे, शिकवायला शिकलेला मासा असला की आपलं काम वाचतं. (हा लोच फक्त पश्चिम घाटातच सापडतो आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. प्रजनन केलेला मिळत असेल तर तोच घ्या, पकडलेला मागू नका.) चन्नाच्या बाबतीत मात्र शिकवणारा सोबती ठेवू नका, तो सोबत्यालाच खातो किंवा मारतो.

एक खातो, दुसरा बघत राहतो

जोडी आणली असेल तर हे होतंच. दांडगा कोपरा अडवतो, दुसरा चिमट्यापर्यंत येतच नाही. तुम्हाला वाटतं तो दाणे खात नाही, पण त्याला खायची परवानगीच मिळालेली नसते. परांच्या कडा फाटल्या आहेत का, रंग फिका पडलाय का, तो सतत पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा राहतो का ते बघा. तसं असेल तर मधे जाळीची आडभिंत घाला आणि दोघांना स्वतंत्र शिकवा. माझा पहिला धाकटा या आणि उपासाच्या कात्रीत सापडला असावा, असं मला आता वाटतं. त्या वेळी मी फक्त तळाचे दाणे मोजत होतो, मासे बघत नव्हतो.

नीट खात होता, अचानक बंद केलं

आधी तापमान बघा, मग अमोनिया, मग दाण्यांचा पुडा बदललाय का ते. यातच बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तसं नसेल तर तो फक्त भरलेला असेल. दाणे खायला लागलेल्या माशाला आपण आनंदाने दिवसातून दोनदा भरवतो आणि चन्ना मिळेल तेवढं खातो. वाढ झालेल्या माशाला आठवड्यातून तीन-चार दिवस पुरतात, एका वेळी त्याच्या डोक्याच्या निम्म्या आकाराएवढं अन्न. पोट खाली लोंबत असेल तर आठवडाभर काही देऊ नका. अशा भरल्या अंगाच्या वीतभर माशाला दोन आठवड्यांचा उपासही जड जात नाही. हाच नियम दीड-दोन सेंटिमीटरच्या बॅडिसला लावलात तर तो चार-पाच दिवसांत खंगतो.

जोडी अंड्यांच्या तयारीत असेल तेव्हाही खाणं कमी होतं. तेव्हा टाकीत हात घालू नका.

उरलेले दाणे पंधरा मिनिटांत नळीने काढा, दर वेळी, अगदी दोन असले तरी. शिकवणीच्या काळात सर्वांत जास्त मासे दाणे न खाल्ल्याने मरत नाहीत, तळाशी कुजलेल्या दाण्यांनी मरतात.

ज्यांच्यामागे मी लागत नाही

काही माशांना दाणे शिकवायचा नाद मी सोडून दिला आहे. स्कार्लेट बॅडिस, म्हणजे डारिओ डारिओ, हा उत्तर बंगाल-आसामातला, नखाएवढा लालबुंद मासा. त्याच्या तोंडात मावेल एवढा बारीक, हलणारा घासच त्याला कळतो. त्याच्यासाठी आर्टेमियाची, म्हणजे खारट पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची, अंडी घरी उबवा. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ, खालून हवेचे बुडबुडे, 27 अंशांच्या आसपास तापमान, आणि साधारण दीड दिवसात नारिंगी पिल्लांचा ढग तयार. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्या. उरलेली गोठवून ठेवता येतात, पण डारिओ गोठवलेली क्वचितच घेतो.

केरळातला बुटका पफर, कॅरिनोटेट्राओडॉन ट्राव्हँकोरिकस, यालाही दाण्यांसाठी छळू नका. त्याला टाकीत आपोआप होणाऱ्या बारीक गोगलगायी द्या, गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या बारीक लाल अळ्या) द्या. गोगलगायींसाठी खिडकीत एक वेगळी बरणी ठेवली, त्यात भाजीची पानं टाकत राहिलं की पुरवठा संपत नाही.

डासांच्या अळ्या या दोघांनाही जीव की प्राण आहेत, पण घरी बादलीत पाळू नका. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, एक दिवस गाळायचं राहिलं की डेंग्यूचे डास तुमच्याच घरातून इमारतभर जातात आणि पावसाळ्यात महानगरपालिकेची नोटीसही येते. नाल्यातून येणारे ट्यूबिफेक्स हे बारीक लाल किडेही नकोत, कितीही धुतले तरी. बॅडिसच्या मोठ्या जाती मात्र कधी कधी चायना ग्रासच्या वडीचा चुरा घेतात. त्यांच्यासाठी वडी किसणीवर किसून, ड्रॉपरने प्रवाहात सोडून बघा. तीन आठवड्यांत घेतली नाही तर पुन्हा ब्लडवर्म आणि आर्टेमियावर या आणि फ्रीझरमध्ये त्यांचा एक कप्पा कायमचा ठेवा.